नकाराचा मसुदा

—नकाराचाच मसुदा पायजे ना? मंग एवढी लाजून काहून राहिली तू, सरळ सांग ना का काका, मले पदोन्नती नाकाराची हाय, मसुदा द्या — दार लोटून घे आधी, उघडं राहिलं का वरांड्यातली सगळी धूळ फायलीवर येते. बस. त्या स्टुलावर नको, त्याचा एक पाय हालते, या खुर्चीवर बस. तू भावना ना, आस्थापना शाखेतली? खिडकीजवळचं टेबल हाय ना तुह्यं? ते माह्यं टेबल होतं. अठरा वर्स बसलो त्या टेबलावर — डाव्या खनाची कडी अजूनबी अडकते का? अडकते ना? थोडी वर उचलून ओढाची, निंगते. तं तुह्यं नाव आलं म्हन यादीत. सहायक अधीक्षक. माहीत हाय वो मले, खाली रेकॉर्ड रूममधे बसलो म्हनून काय झालं, इथं कोनी मले विचारत नाही पन मले समजते सगळं. अभिनंदन म्हनू का नको? — बरं, नाही म्हनत.

मसुदा हाय. कुठी जाते तो. ह्या खनात, सगळ्यात खाली. आधी कार्बन कॉपी होती, मंग झेरॉक्स, आता झेरॉक्सचीबी झेरॉक्स झाली, अर्धे अक्षरं उडाले — पन मले पाठ हाय. ऐक. "माझी सहायक अधीक्षक या पदावर पदोन्नतीने नेमणूक झाली असून, वयोवृद्ध वडिलांच्या सततच्या आजारपणामुळे सदर पदाची वाढीव जबाबदारी पेलणे मला शक्य नाही. सबब, सदर पदोन्नती मी स्वेच्छेने नाकारीत आहे. याबाबत माझ्यावर कोणाचाही दबाव नाही." कसं हाय? एक शब्द इकडचा तिकडे कराले जागा नाही. वर याले वाहुरवाघ मसुदा म्हनतेत ना? म्हनतेत, मले माहीत हाय. संघपाल वाहुरवाघनं नाव काढलं तं कशात काढलं, नकारात. नऊ वर्सांत चौदा जन घेऊन गेले. एक पंजाबराव होते सामान्य शाखेत, तू नाही पाह्यलं त्यायले, रिटायर झाले — त्यायनं जसाच्या तसा उतरवला. वयोवृद्ध वडिलांच्या सततच्या आजारपणामुळे. अन् त्यायचे वडील वारून वीस वर्स झाले होते! मी म्हनलं, पंजाबराव, अहो, वडील? तं म्हनते, अरे हो का — असू दे, साहेब कुठं वाचते. अन् खरंच नाही वाचलं. सही, शिक्का, मंजूर. मेलेल्या मानसाच्या आजारपनावर नकार मंजूर. हास ना, हासाचीच गोष्ट हाय. मी बी लय हासलो. माह्ये बाबा तं जित्ते होते तवा, अन् आजारी बी नव्हते — म्हंजे — ते जाऊ दे. ते निंगालं तोंडातून.

नाही, आजारी होते म्हंजे, वय होतं. सत्तरीचे होते. गुडघे दुखत असतीन. नाही — खोटं काहून बोलू तुह्यासमोर, तू माह्या पोरीच्या वयाची. ठणठणीत होते. अकोल्याले राहत, जिनिंगमधे गाठी उचलल्या जन्मभर, रिटायर झाल्यावरबी सायकलवर फिरत, उन्हात, डोक्याले दुपट्टा बांधून. श्रावण वाहुरवाघ म्हनलं का वस्तीतले पोरं रस्ता सोडत. मी ज्या दिवशी हा कागद लिहला, सततचं आजारपण म्हनून, त्या दिवशी ते दोन माळ्यावर चढून टाकी धुवून राहिले होते विहाराची. फोनवर मले सांगत होते, हापत हापत, खुश. अन् मी इकडे हातात पेन धरून. सेवापुस्तकात लागला तो कागद. बाकीचं रेकॉर्ड दहा वर्सानं, तीस वर्सानं नष्ट करता येते, मीच करतो, यादी करून — सेवापुस्तक नाही करता येत.

तू कारन काय लिहशीन? सासूबाई? — पोरगी लहान हाय, हां. ते बी चालते. पोरगी लहान, मालक बाहेरगावी नोकरीले, चालते. परतवाड्याले टाकून राहिले काय तुले? नाही ना? इथंच हाय ना खुर्ची, अमरावतीतच, त्याच माळ्यावर, त्याच शाखेत? मंग पोरीले काय फरक पडते वो, तू या टेबलावर बसली का त्या टेबलावर? — नाही, नाही, मी विचारत नाही. मले काय करा लागते. चौदा जनाले नाही विचारलं. चौदा जनाले कागद देल्ला, चहा पाजला अन् धाडून देल्लं. अन् तो दुसरा कागद बी पायजे असन तुले, समकक्ष पदावर बदलीचा विनंती अर्ज? तो याच्याच मागच्या बाजूले हाय. नकार देल्ला का त्याच शाखेत बसनं जमत नाही, मान खाली घालून किती दिवस बसशीन, म्हनून मी सोबतच मांगून घेतलं — पद तेच, पगार तोच, फक्त जागा दुसरी, रेकॉर्ड रूम. साहेब म्हने, अरे वाहुरवाघ, वर चढाच्या ऐवजी बाजूले कसा काय सरकून राहिला? मी म्हनलं, साहेब, शांतता पायजे. शांतता तं हाय इथं. पाय, किती शांत हाय. तू आवक-जावक मांग, तिथं जागा खाली हाय.

— राहू दे तो रुमालाचा गठ्ठा. त्या लाल रुमालाले नको हात लावू, ते ऑफिसचं नाही. नाही, रागावलो नाही. ठेव तिथंच.

कोनी बोललं काय तुले? खरं सांग. काई बोललं असन कोनी — चहावर, नाही तं लिफ्टमधे, नाही तं तू आत आल्यावर सगळे एकदम गप झाले असतीन. आता तं आरक्षनाचा बिंदू-फिंदू बी काई नाही, सिनियारिटीनं आलं तुह्यं नाव, तरीबी बोलले? बोलतीनच. खाली नको पाहू, माह्याकडे पाय. मले सांगू नको, नावबी सांगू नको. मले माहीत हाय ते कसं असते. कोनी शिवी नाही देत. शिवी देल्ली असती तं सोपं झालं असतं, आपून बी देल्ली असती. हासत हासत बोलतेत. आपले मानसं असतेत. डब्यातली भाजी देनारे.

माह्ये होते वसंतराव. वसंतराव पाठक. मी लागलो तवा मले फायलीले नाडी बांधता येत नव्हती, त्यायनं शिकवलं. टिपणी लिहनं त्यायनं शिकवलं — "सबब" कुठी लिहाचं अन् "तथापि" कुठी लिहाचं, ते सगळं त्यायचं हाय. ह्या मसुद्यातलं मराठी बी त्यायचंच म्हन ना. अठरा वर्स एका डब्यात जेवलो. माह्या लग्नात आले, पंगतीत बसले, बुंदी दोनदा मांगून घेतली. अकरा वाजले का आमचं टोळकं खाली चहाले, मागच्या गेटजवळ, कडुलिंबाखाली — वसंतराव, पंजाबराव, दोघं-तिघं अजून, अन् मी. रोज. मले त्या चहाचं — कसं सांगू तुले — मले त्या चहाचं लय होतं. गावातून, वस्तीतून आलेला मानूस मी, अन् मले इथं कोनी "चाल बे संघपाल" म्हनून खांद्यावर हात टाकून नेते, मले वाटे का आता आपून पोहचलो. याच्या वर काय असते.

अन् मंग सोळा साली माह्यं नाव आलं. बिंदूवर आलं होतं, हो. रोस्टरनं आलं होतं. नियमानं आलं होतं, माह्या घरचं नव्हतं, पन वसंतरावच्या आधी आलं. मी बाबाले फोन केला — करा लागत नव्हता, पन केला, राहवलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाले बाबा आस्थापनेत हजर! अकोल्याहून पयल्या एसटीनं. पांढरा शर्ट, इस्तरीचा, जो विहारात पौर्णिमेले घालत तो. हातात पेढ्याचे दोन डब्बे. मले विचारलं बी नाही, एकेका टेबलावर जाऊन पेढा ठेवून राहिले — मी श्रावण, संघपालचा बाप. वसंतराव उठून उभे राहिले, बसा काका म्हने, स्वतःची खुर्ची देल्ली. खोटं नाही सांगत. अन् बाबा त्यायले म्हनते, पोराले सांभाळून घेजा, तुमचा साहेब झाला तरी तुमच्याच हाताखालचा हाय. वसंतराव हासले. पेढा खाल्ला. दुसरा बी घेतला.

मी म्हनलं बाबा बसा, मी चहा सांगून येतो. मागच्या गेटनं गेलो. टोळकं माह्या आधीच पोहचलं होतं, पाठमोरे उभे होते. अन् वसंतराव बोलून राहिले होते — आवाज काई मोठा नव्हता, रागबी नव्हता, नेहमीसारखं, चहात खारी बुडवता बुडवता — "घ्या, आता साहेब म्हना लागन. अठरा वर्स मी अक्षर गिरवून घेतलं, अन् खुर्ची त्यायची. आपल्यायले सिनियारिटी, त्यायले लॉटरी. बाप बी पहा, वरात घेऊन आला." अन् सगळे हासले. बस. एवढंच. एवढंच झालं, भावना. कोनी हात नाही उगारला, कोनी काई नाही केलं. मी तिथून माघारी फिरलो. बाबा त्या खुर्चीवर बसून होते, दोन्ही हात गुडघ्यावर, सगळीकडे पाहत, पंख्याकडे, कपाटाकडे, जसं काई हे आता आपलंच. म्हने, चहा? मी म्हनलं, बाबा, आज चहावाला आला नाही. तुमची एसटी निंगून जाईन. अन् मी त्यायले बिना चहाचं धाडून देल्लं. अमरावतीहून अकोल्याले. पेढे देल्ल्यावर मानूस पान्याचा तरी गिलास विचारते.

तू म्हनशीन, काका, तुमी वसंतरावले जाऊन बोलले काहून नाही? सगळे हेच म्हनतीन. आमची ही म्हनली ना — तिले मी रात्रीच सांगतलं — तं ती म्हने, उद्या त्या खुर्चीवर बसा अन् त्यायलेच पयला कागद टाका सहीले. बरोबर म्हनली. पन तिले मी अर्धंच सांगतलं होतं. अर्धं कोनालेच नाही सांगतलं. आता — तुले काहून सांगून राहिलो मी? तू मसुदा घ्याले आली अन् मी — बरं ऐक. त्याच्या दोन वर्साआधी धर्मपालचं नाव आलं होतं. लेखा शाखेतला धर्मपाल, आपलाच, आमच्या नात्यातला बी निंघते थोडाफार. त्याच कडुलिंबाखाली, त्याच चहावर हेच बोलनं झालं होतं. लॉटरी लागली म्हने धर्मपालले. अन् मी हासलो होतो. नाही, गप नव्हतो वो, हासलो होतो — दात काढून. अन् वरून म्हनलं होतं का त्याले बेरीज तरी येते काय. मी म्हनलं होतं ते. माह्या तोंडानं. अन् टोळकं एवढं खुश झालं माह्यावर! वसंतरावनं पाठीवर थाप मारली. मंग मी कोनत्या तोंडानं जाऊन भांडू? ज्या दिवशी माह्यी पाळी आली त्या दिवशी मले शब्द न् शब्द माहीत होता का हे पाठीमागे काय बोलतेत, कारन मी पुढं उभा राहून बोललो होतो. लाज वाटते मले. वसंतरावची नाही वाटत. माह्यी वाटते.

म्हनून नाकारली. वाटलं का नाकारली तं टोळक्यात राहीन. लोकं म्हनतीन, पाय, संघपाल तसा नाही. वसंतरावच्या टेबलावर मीच नेऊन ठेवला हा मसुदा — तपासून द्या म्हनलं. त्यायनं वाचला, चष्मा काढला, म्हने, अरे, बाबा आजारी हायत? परवा तं चांगले होते. मी म्हनलं, हो, अचानक. त्यायनं एक स्वल्पविराम टाकला अन् परत देल्ला. तो बघ, "असून" च्या नंतरचा — तो त्यायचा हाय. अन् ती खुर्ची काई त्यायले भेटली नाही, यवतमाळहून दुसराच आला बिंदूवरच. वसंतराव वरिष्ठ लिपिकच रिटायर झाले. अन् मी इथं खाली आल्यावर मले पयल्या आठवड्यात दोनदा चहाले हाक मारली, मंग एकदा, मंग कोन एवढ्या पायऱ्या उतरते. थर्मास आनतो मी घरून.

हे एवढ्यावर राहिलं असतं तरी मी तुले मसुदा देऊन मोकळा झालो असतो. पन बाबाले काय सांगाचं? दोन डब्बे वाटून गेलेला मानूस. तिकडे अकोल्यात, वस्तीत, विहारात, सगळीकडे सांगून ठेवलेलं का पोरगा साहेब झाला. मी फोनवर म्हनलं, बाबा, थांबलं हाय ते थोडं. काहून? मी म्हनलं — जे तोंडात आलं ते — कोर्टात गेलं. केस चालू हाय पदोन्नतीतल्या आरक्षनाची, सगळ्यायचंच अडकलं. अन् केस चालू होतीच ना वो, पेपरात येत होतं, म्हनून ते एवढं सोपं निंगालं तोंडातून. बाबा म्हने, अस्सं? मंग लढू. मी म्हनलं, तुमी नका लढू, लढनारे लढतेत. पन त्यायनं ऐकलं काय? चौथी शिकलेला मानूस, विहाराच्या वाचनालयात जाऊन रोज पेपर वाचाले लागला — बोट ठेवून ठेवून. कात्रन कापाले लागला तं वाचनालयवाला ओरडला, म्हने बाबा, पेपर सगळ्यायचा हाय. तं त्यायनं घरी पेपर लावला. आमच्या घरी जन्मात पेपर येत नव्हता, वर्गनी भरून पेपर लावला, कशासाठी — तं माह्या केससाठी. ब्लेडच्या पात्यानं कापे, दोनशे पानी वहीत चिकटवे, वर तारीख टाके. अन् पुढच्या वर्सी खरंच कोर्टाचा निकाल आला अन् खरंच सगळ्यायचं अडकलं. माह्यं खोटं खरं झालं, भावना! मी आता माघारी कसा फिरू? फोनवर बाबा रडत होते. तुह्या हातातोंडाशी आलेलं गेलं म्हने. मी म्हनलं, जाऊ द्या बाबा. मी समजावून राहिलो त्यायले!

अठरा सालचा एप्रिल होता, संपत आला होता. अकोल्याचं ऊन तुले माहीत हाय — पंचेचाळीस. मी सुटीत घरी गेलतो, दुपारी स्टँडहून रिक्षा केली, कलेक्टर कचेरीच्या समोरून निंगालो तं मंडप टाकलेला. धरनं. पदोन्नतीच्या आरक्षनासाठी कर्मचारी संघटनेचं. मी पाहून राहिलो कोन-कोन ओळखीचं हाय — तं पुढच्या ओळीत, सतरंजीवर, बाबा. कर्मचाऱ्यायच्या धरन्यात जिनिंगचा मजूर. पांढरा शर्ट घालून. हातात पुठ्ठ्याचं फलक, अन् त्याच्यावर स्वतःच्या अक्षरात — ते अक्षर मी ओळखीन कुठीबी, सगळे काने वाकडे — "माझ्या मुलाचा हक्क द्या". रिक्षा थांबवली मी. उतरलो. अन् गेलो नाही. समोर रसवंती होती, तिच्या पडद्यामागे उभा राहिलो. एक तास. उसाचा रस पिलो, दोन गिलास. बापाचे ओठ वाळून गेले होते, मले तिथून दिसत होते, अन् मी बर्फ टाकून रस पिऊन राहिलो होतो. काहून नाही गेलो? कोनी विचारलं असतं ना का हा कोन, तं बाबानं सांगतलं असतं, हाच तो, याच्यासाठी बसलो. अन् त्या मंडपात अमरावतीचा एखादा असला असता, ज्यानं माह्याच खनातून मसुदा नेला, तं?

संध्याकाळी घरी आले. पाय सुजले होते. मले पाहून म्हने, कवा आला तू? आज तुह्यासाठी बसलो होतो दिवसभर. मी पाय दाबून देल्ले. म्हने, राहू दे, साहेब लोकं पाय दाबत नसतेत. त्यावेळी सांगाचं होतं मी. हातात पाय होता त्यायचा. एवढं जवळ होतं. नाही सांगतलं.

— हां. वही. तेच हाय त्या रुमालात. मीच बांधला. घरी ठेवली असती तं आमच्या हिच्या नजरेत येते रोज. तिनं बाबाले कधी काई सांगतलं नाही, पन मी नकार देल्ला त्या दिवसापासून मले ऑफिसचं काई विचारत बी नाही. म्हनून इथं आनून ठेवली. एकशेबारा पानं भरले.

बाबा गेले बावीस साली. आजारपन असं काई नाही, पंधरा दिवस. त्या मसुद्यात लिहलं होतं तसं सततचं नव्हतं. शेवटी-शेवटी विचारे, निकाल काय लागला? अन् मी काय म्हनलं असन? म्हनलं, लागला बाबा, आपल्या बाजूनं लागला, ऑर्डर आली. एवढे शांत झाले. मंग म्हने, त्या वसंतरावले आधी पेढा देजो. त्यायनं खुर्ची देल्ली होती मले. — थांब. पानी दे ते.

अन् पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाले वस्तीतल्या लोकायनं मोठं फ्लेक्स लावलं विहारासमोर. बाबाचा फोटो, अन् खाली माह्यं नाव — चिरंजीव संघपाल, कंसात सहायक अधीक्षक. बाबानंच सांगून ठेवलं होतं सगळ्यायले. मी ते काढा म्हनू शकलो नाही. अन् वसंतराव आले होते ना! रिटायर मानूस, एवढ्या दुरून, एसटीनं, काठी टेकत. फ्लेक्ससमोर उभे राहिले. वाचलं. पूर्न वाचलं, मले दिसत होतं, त्यायची सवयच हाय शब्द न् शब्द वाचाची. मंग माह्याकडे पाह्यलं. मले वाटलं, आता हासते हा मानूस. आता सांगते वस्तीले. हासले नाही. आत आले, बाबाच्या फोटोले फूल वाह्यलं, खीर खाल्ली, अन् निंगताना, वस्तीतले पाच-सात जन उभे असताना, माह्यासमोर हात जोडून म्हनते — "येतो मंग, साहेब." जो शब्द त्यायच्या तोंडून ऐका लागू नये म्हनून मी सगळं केलं, तो त्यायनं माह्यी लाज झाकाले वापरला. त्या मानसानं माह्यी लाज झाकली, भावना. का मीठ चोळलं? तीन वर्स झाले, मले अजून समजलं नाही. पन मी मान हालवली. साहेबासारखी.

बस. झालं. जेवनाची सुटी संपली असन तुह्यी. मसुदा ना? देतो. मी कोनाले नाही म्हनत नाही. फक्त एक सांग — तुह्ये बाबा जित्ते हायत ना? मोर्शीले? शाळेत शिपाई होते ना, घंटा वाजवत, तूच सांगत होती त्या दिवशी कोनाले तरी, मले वरांड्यात ऐकू आलं. त्यायले सांगतलं काय तू, का नाव आलं म्हनून? — नाही सांगतलं? काहून? नाकाराचीच हाय तं काहून सांगू, हां. हुशार हाय तू. माह्यापेक्षा हुशार हाय. मी आधी सांगून बसलो होतो.

नाही. फोन लाव. इथं, माह्यासमोर लाव. मसुदा हा इथं हाय, हे पाय, टेबलावर ठेवला. आधी बाबाले सांग का नाव आलं. फक्त तेवढं सांग — नाकारते का नाही, ते नको सांगू. मंग हा कागद उचल अन् जा. चौदा जनाले नाही लावली ही अट, तुले लावून राहिलो. लाव. रेंज येते त्या खिडकीजवळ. — उचलला? बोल ना मंग. बोल. हां.

केवढ्यानं बोलतेत वो! मले इथपर्यंत ऐकू येऊन राहिलं. घंटा वाजवनाऱ्याचा आवाज. काय म्हनतेत? तुह्या मायले हाका मारून राहिले. — आता रडून राहिले काय? तू नको रडू, तू बोल. उद्याच येतो म्हनते? पयल्या गाडीनं? येऊ दे.

नाही, फोन ठेवू नको. बाहेर जाऊन बोल, वरांड्यात. — मसुदा? कोनता मसुदा? हा कागद? हा नाही वो, याले उंदरानं कुरतडलं, याच्यावरचं काई वाचता येत नाही. खन बंद केला मी. वर विचारलं कोनी तं सांगजो, वाहुरवाघकडे मसुदा नाही आता. जा. अन् ऐक — बाबा पेढे घेऊन आले तं त्यायले चहा पाजल्याशिवाय धाडू नको. मागच्या गेटवर नेजो. सगळ्यायसमोर.

जा म्हनलं ना. दार लोटून घेजो.